दोन शपथांमधील वर्ष

आज मी जो विषय आपणांपुढे मांडणार आहे, तो प्रथमदर्शनी आपल्यापासून फार दूरचा वाटेल. अमेरिकेतील हायस्कुलात शिकणारा सतरा वर्षांचा मुलगा शाळा पुरी होण्याच्या आधीच लष्करात नाव नोंदवितो, शाळेचे उरलेले वर्ष घरी राहून संपवितो आणि मग पलटणीत दाखल होतो; या पद्धतीविषयी मला बोलावयाचे आहे. सातारा जिल्ह्यातील एका खेड्यात चौतीस वर्षे मुलांना अंकगणित आणि कवायत शिकविलेल्या, स्वतः मॅट्रिकच्या पलीकडे परीक्षा न दिलेल्या मास्तराने या परदेशी प्रकरणात का शिरावे, असे आपण विचाराल. त्याचे कारण घरगुती आहे.

माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा गेली पंचवीस वर्षे अमेरिकेत न्यू जर्सी प्रांतात राहतो. त्याचा मुलगा तेथेच जन्मला, तेथेच वाढला. गेल्या भाद्रपदात एके रात्री भाच्याचा टेलिफोन आला. आवाज नेहमीचा नव्हता. तो म्हणाला, "मामा, पोराने एक कागद आणून पुढे ठेवला आहे. लष्करात जायचे म्हणतो. तो अजून अठरा वर्षांचा नाही, म्हणून आम्हा दोघांची सही लागते. मी काय करू?" मी म्हणालो, "सही उद्या करता येईल. आधी तो कागद काय आहे ते मला नीट समजावून सांग." त्यानंतर आठ-पंधरा दिवस मी भाच्याकडून, नातवाकडून आणि छापील साहित्यातून जे समजावून घेतले, त्याचा सारांश प्रथम सांगतो.

अमेरिकेत सक्तीची लष्करभरती १९७३ साली बंद झाली. व्हिएतनामच्या युद्धात त्या देशातील घराघरांतून जो असंतोष उसळला, त्याचा हा एक परिणाम होता. तेव्हापासून तेथील सैन्य सर्वस्वी स्वखुशीने आलेल्या माणसांचे आहे. परंतु स्वखुशीने येणारी माणसे शोधावी लागतात, आणि ती बहुधा हायस्कुलाच्या शेवटच्या वर्गात सापडतात. तेथील शाळा मे-जून महिन्यांत सुटतात. सगळेच रंगरूट जूनमध्ये दाराशी येऊन उभे राहिले तर शिक्षण-छावण्यांत त्यांना जागा पुरणार नाही, आणि पुढे हिवाळ्यात त्याच छावण्या ओस पडतील. यावर तोड म्हणून मुलाचे नाव आज लिहून घ्यावयाचे, त्याची जागा राखून ठेवावयाची आणि त्याला ठरलेल्या दिवशी बोलवावयाचे, अशी व्यवस्था करण्यात आली. हिला तेथे 'डिलेड एन्ट्री प्रोग्रॅम' म्हणतात. आपण तिला विलंबित प्रवेशाची योजना म्हणू. कायद्याप्रमाणे ही मुदत ३६५ दिवसांपर्यंत असते, आणि वरिष्ठांना वाटल्यास ती आणखी तितकीच वाढविता येते.

वयाची अट अशी, की सतरा पुरी असली पाहिजेत, आणि अठराच्या आत आईबापांची किंवा पालकांची लेखी संमती पाहिजे. ती मिळाल्यावर मुलाला लष्कराच्या प्रवेशकेंद्रात नेतात. देशभर अशी पासष्टांच्या आसपास केंद्रे आहेत. तेथे बुद्धीची परीक्षा होते; तिच्यातील गणिताच्या दोन आणि भाषेच्या दोन भागांवरून मुलगा भरतीस योग्य की अयोग्य हे ठरते. डोळे, कान, सांधे, हृदय यांची तपासणी होते. मग एक अधिकारी त्याला कोणत्या कामाच्या जागा मोकळ्या आहेत ते सांगतो. काम ठरले म्हणजे करारपत्रावर सही होते, आणि निशाणापुढे उजवा हात वर करून मुलगा शपथ घेतो. ही पहिली शपथ. संध्याकाळी तो घरी परततो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा दप्तर घेऊन शाळेत जातो. कागदोपत्री त्याचे नाव राखीव दलात असते, पण पगार नाही की गणवेश नाही. महिन्यातून एखादे वेळी भरती अधिकारी अशा मुलांना एकत्र बोलावून धावावयास लावतो, कवायतीची तोंडओळख करून देतो. शाळेचा दाखला हाती पडल्यावर ठरलेल्या तारखेस मुलगा पुन्हा त्याच केंद्रात जातो, पुन्हा त्याची तपासणी होते, आणि तो दुसरी शपथ घेतो. त्या क्षणापासून तो शिपाई होतो.

श्रोतेहो, या दोन शपथांतील फरक ज्याच्या ध्यानी आला, त्याला सारी योजना समजली. आपल्याकडे साखरपुडा होतो आणि मग लग्न लागते. साखरपुड्यालाही चार माणसे जमतात, पेढे वाटले जातात, शब्द दिला-घेतला जातो; तो शब्द हलका नव्हे. परंतु सप्तपदी झाल्यावाचून विवाह पुरा होत नाही. तद्वत् पहिली शपथ हा साखरपुडा आहे. दुसऱ्या शपथेपूर्वी मुलाचे मन पालटले, किंवा घरी काही अडचण उद्भवली, तर त्याने आपल्याला जावयाचे नाही असे लेखी कळवावे. त्याला मोकळे करण्यात येते. अशा मुलाला धमकावू नये, अडवू नये, असे तेथील लष्कराच्या भरतीविषयक नियमांतच लिहून ठेवले आहे. दुसरी शपथ झाल्यानंतर मात्र हे दार बंद होते. मग गैरहजर राहणे हा लष्करी कायद्याखालील गुन्हा ठरतो.

आणखी दोन गोष्टी माझ्या भाच्याच्या ध्यानात आल्या नव्हत्या. तो समजत होता, की करार चार वर्षांचा आहे. चार वर्षे ही प्रत्यक्ष नोकरीची. एकूण बांधीलकी आठ वर्षांची असते, आणि उरलेल्या काळात माणूस घरी असला तरी त्याचे नाव राखीव यादीत असते; प्रसंग पडला तर सरकार त्याला परत बोलावू शकते. दुसरी गोष्ट अशी, की तोंडी आश्वासनाला त्या करारात किंमत नाही. अमुक काम मिळेल, तमुक रक्कम मिळेल, असे कोणी कितीही गोड शब्दांत सांगितले असले, तरी जे कागदावर नाही ते नाही. तसे करारपत्रावरच छापलेले असते; पण सतरा वर्षांच्या मुलाला छापलेले वाचण्याची सवय असतेच असे नाही.

भरती अधिकाऱ्यांना दोष देण्याचा माझा हेतू नाही. त्यांतील पुष्कळजण स्वतः रणांगण पाहून आलेले असतात, आणि आपल्या पेशाविषयी त्यांना खरा अभिमान असतो. पण त्यांच्यावरही संख्येचा बोजा आहे. २०२२ साली अमेरिकेच्या लष्कराला साठ हजार रंगरूट हवे होते; सुमारे पंधरा हजार कमी पडले. २०२४ साली उद्दिष्ट पंचावन्न हजारांवर आणले, तेव्हा ते पुरे झाले. ज्याला असा आकडा गाठावयाचा आहे तो शाळेच्या दाराशी येणारच. २००२ च्या जानेवारीत मंजूर झालेल्या शिक्षणविषयक कायद्यान्वये, मध्यवर्ती सरकारचे अनुदान घेणाऱ्या हायस्कुलांना विद्यार्थ्यांची नावे, पत्ते आणि टेलिफोन क्रमांक भरती अधिकाऱ्यांना द्यावे लागतात. पालकाने लेखी हरकत घेतली तरच नाव वगळले जाते. माझ्या भाच्याला या हरकतीची माहितीच नव्हती.

मुलांना ओढ लागते तीही निष्कारण नव्हे. तेथे कॉलेजचे शिक्षण अतिशय महाग आहे. सैनिकांच्या शिक्षणाचा भार सरकारने उचलावा, असा कायदा त्या देशाने १९४४ साली केला, आणि त्याच परंपरेतील २००८ सालच्या कायद्याने पात्र सैनिकाला छत्तीस महिन्यांपर्यंतच्या शिक्षणाचे साहाय्य मिळते. कर्ज न काढता पदवी मिळावी असे ज्या गरीब मुलाला वाटते, त्याला हा मार्ग मोलाचा आहे. माझ्या नातवाला पैशाची अडचण नव्हती. त्याला हेलिकॉप्टरची यंत्रे उघडून पाहावयाची होती, आणि चार भिंतींतील आणखी चार वर्षे त्याला नको होती. हेही कारण मी क्षुल्लक मानीत नाही.

आता मला माझी स्वतःची एक गोष्ट सांगितली पाहिजे. ती सांगण्यास मला संकोच वाटतो, पण तिच्यावाचून मी भाच्याला दिलेला सल्ला आपणांस उमगणार नाही.

सुमारे पस्तीस वर्षांपूर्वी आमच्या शाळेत दहावीच्या वर्गात एक मुलगा होता. धावण्यात त्याचा हात धरणारा तालुक्यात कोणी नव्हता. आमचा भाग पिढ्यान्‌पिढ्या पलटणीत माणसे देणारा. ज्याच्या घरी भिंतीवर लष्करी पोशाखातील एखादी तसबीर नाही, असे घर विरळा. परीक्षेला दोन महिने असताना जिल्ह्याच्या ठिकाणी भरती निघाली. आठवीच्या शिक्षणावर काही जागा होत्या. मुलगा माझ्याकडे दाखला मागावयास आला. परीक्षा होऊ दे, मग जा, असे मी म्हणावयास हवे होते. मी म्हणालो नाही. उलट मुख्याध्यापकांकडे त्याच्यासाठी शब्द टाकला, आणि तो निघाला त्या दिवशी प्रार्थनेच्या वेळी सर्व शाळेपुढे त्याला उभे करून मी त्याच्या गळ्यात झेंडूचा हार घातला. मुलांनी टाळ्या वाजविल्या. त्याची आई दाराशी उभी राहून डोळे पुशीत होती.

धावण्यात तो पहिला आला. वैद्यकीय तपासणीत सरळ उभे राहिल्यावर त्याचे गुडघे एकमेकांस लागतात असे आढळले, आणि त्याला परत पाठविण्यात आले. तो गावी आला नाही. परस्पर मुंबईस गेला आणि भाजीच्या बाजारात पाट्या वाहू लागला. परीक्षा राहिली ती कायमचीच. पुढे बारा-तेरा वर्षांनी एका लग्नात त्याची भेट झाली. वाकून नमस्कार करून तो म्हणाला, "गुरुजी, तुम्ही त्या दिवशी हार घातला नसता, तर मी दुसऱ्या दिवशी शाळेत आलो असतो." त्याच्या बोलण्यात राग नव्हता. माझ्या तोंडून मात्र शब्द फुटला नाही.

श्रोतेहो, त्याचा दोष गुडघ्यांचा नव्हता, आणि भरती अधिकाऱ्यांचाही नव्हता. त्याच्या परतण्याच्या वाटेवर मी लाजेचे कुंपण घातले होते. म्हणून अमेरिकेतील ही योजना ऐकताना माझे लक्ष एका गोष्टीकडे विशेष गेले. शाळेचा दाखला हाती आल्यावाचून मुलाला पलटणीत न घेण्याविषयी ते लोक फार दक्ष असतात. दयेपेक्षा त्यात हिशोब अधिक आहे. हायस्कूल पुरे केलेल्या शंभर रंगरुटांपैकी सुमारे ऐंशी जण पहिली तीन वर्षे टिकतात, आणि न केलेल्यांपैकी जेमतेम निम्मे, असा तेथील संरक्षण खात्याचा अनेक वर्षांचा अनुभव आहे. जो कंटाळवाणी शाळा शेवटपर्यंत सोशितो, तो कंटाळवाणी छावणीही सोशितो, असाच याचा अर्थ. आम्हा मास्तरांना हे ठाऊक होते. मी त्या वेळी विसरलो.

मग मी भाच्याला काय सांगितले? प्रथम सांगितले, की मुलगा मार्चमध्ये अठरा वर्षांचा होईल, मग तुझी सही त्याला लागणारच नाही. तू नकार दिलास तर सहा महिने मिळतील, पण त्या सहा महिन्यांत तो तुझ्याशी मोकळेपणी बोलणार नाही. सही करावयाची असेल तर त्याच्याशी बोलून कर, आणि करावयाची नसेल तरी त्याच्याशी बोलूनच करू नकोस. दुसरे सांगितले, की त्याला जे काम हवे आहे ते करारावर लिहून आल्यावाचून हात वर करू नको, इतके त्याच्याकडून वदवून घे. तिसरी गोष्ट ऐकून भाचा किंचित नाराज झाला. तेथील मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात मुलाचा जाहीर सत्कार करण्याचे मंडळींच्या मनात होते. मी म्हणालो, सत्कार अजिबात करू नका.

भाच्याने आणि सूनबाईने सही केली. आश्विनात नातू केंद्रात गेला. परीक्षा झाली, तपासणी झाली, पण हेलिकॉप्टरच्या कामाची जागा त्या दिवशी मोकळी नव्हती. दुसरी दोन-तीन कामे त्याच्यापुढे ठेवण्यात आली, आणि आजच सही केलीस तर बरे, असेही सुचविण्यात आले. बरोबरची मुले एकेक करून शपथ घेऊन येत होती. हा मुलगा उभा राहिला आणि नम्रपणे म्हणाला, की मला विचार करावयाचा आहे, मी पुन्हा येईन. तो रिकाम्या हाती घरी आला. सत्कार झाला नव्हता, म्हणून त्याला कोणाला काही सांगावे लागले नाही. पाच आठवड्यांनी जागा निघाली, तेव्हा जाऊन त्याने ते काम कागदावर लिहून घेतले आणि मग पहिली शपथ घेतली.

आपल्याकडे अगदी हीच पद्धत नाही, परंतु प्रश्न तोच आहे. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीसाठी साडेसोळा वर्षांपासून अर्ज करता येतो, आणि बारावीत शिकत असतानाच प्रवेशपरीक्षेस बसता येते. मात्र बारावी उत्तीर्ण झाल्याचा पुरावा मुदतीत दिला नाही तर निवड फुकट जाते. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने ही परीक्षा मुलींनाही खुली झाली, आणि २०२५ च्या मे महिन्यात मुलींची पहिली तुकडी तेथून बाहेर पडली. २०२२ सालापासून चालू झालेल्या अग्निवीर भरतीत साडेसतराव्या वर्षी प्रवेश मिळतो, आणि अठराच्या आतील उमेदवाराच्या अर्जावर पालकांची सही लागते. मुलांना रणांगणापासून दूर ठेवण्यासंबंधी संयुक्त राष्ट्रांचा जो करार २००० साली झाला, तो आपण २००५ साली स्वीकारला. अठरा पुरी झाल्यावाचून शिपायाला लढाईच्या क्षेत्रात पाठवीत नाही, असे आपल्या सरकारने त्या वेळी लिहून दिले आहे.

फरक आहे तो मधल्या वर्षाचा. आपल्याकडे निवड झाली की आठवड्यांत मुलगा छावणीत असतो. प्रबोधिनीत गेल्यावर स्वेच्छेने शिक्षण सोडले तर खर्च भरून देण्याचे पालकांनी आधीच लिहून दिलेले असते. म्हणून तेथील मुलाला कायद्याने जे वर्ष मिळते, ते येथील मुलाला आपण घरीच दिले पाहिजे. नववी-दहावीतच त्याच्याशी बोलावे. पलटणीतून निवृत्त झालेल्या शेजाऱ्याकडे त्याला पाठवावे आणि केवळ पराक्रमाच्या गोष्टी न विचारता पहाटेची, पत्राची, रजेची, दुखण्याची हकिकत विचारावयास सांगावे. निवड झाली नाही तर काय करावयाचे, याचा बेत निवडीपूर्वीच कागदावर लिहावा. आणि बातमी पक्की होण्याआधी गावभर पेढे वाटू नयेत.

यावर कोणी म्हणेल, की देशासाठी प्राण देण्यास निघालेल्या मुलाला तुम्ही माघारीचे मार्ग काय शिकविता? नातवानेही मला हेच विचारले. पहिली शपथ झाल्यावर टेलिफोनवर तो म्हणाला, "आजोबा, शपथ मोडता येते असे तुम्ही सांगता. मग ती घ्यायची कशाला?" मी क्षणभर अडखळलो. मग म्हणालो, "बाळ, मोडण्यासाठी नव्हे. पण परत फिरता येत असताना जो पुढे जातो, त्याच्याविषयी त्याच्या आईची खात्री असते, की माझा मुलगा आपण होऊन गेला. तुझ्या आईला तेवढे मिळू दे." त्याला ते पटले की नाही, मला सांगता येत नाही. त्याने "बरे" म्हटले आणि बीजगणिताच्या परीक्षेत किती गुण पडले ते सांगू लागला.

जूनमध्ये त्याची शाळा सुटेल, आणि जुलैत तो त्या केंद्रात पुन्हा जाईल. गेला तर माझा त्याला आशीर्वाद आहे, आणि न गेला तरी तोच आशीर्वाद आहे. हे मी त्याला पत्राने लिहून कळविले आहे, कारण तोंडी आश्वासनाला किंमत नाही हे त्याला आता ठाऊक झाले आहे. दुसरी शपथ झाल्याची बातमी आली, तर त्या दिवशी मी बाजारातून झेंडूचा एक हार आणून त्याच्या तसबिरीला घालीन. त्याच्या आधी नाही.